बसलेला डाग, झालेला डाग

कडकच्या हातून बावीस वर्षांत एकही कपडा जळला नव्हता. ही गोष्ट तो स्वतः कधी बोलून दाखवत नसे. त्याची ताई मात्र गिऱ्हाईक दारात चप्पल काढतंय न काढतंय तोच ऐकवायची.

लॉन्ड्री दोघा भावंडांची होती. पुढच्या खोलीत गल्ला, कपड्यांच्या फळ्या आणि खिडकीला लागून कडकचं इस्त्रीचं टेबल. मागच्या खोलीत ताईचं राज्य: पिंप, ब्रश, बाटल्या आणि डागांशी चाललेली तिची रोजची भांडणं. कडकचं खरं नाव घरच्यांनाही जरा आठवावं लागे. त्याची इस्त्री इतकी कडक की शर्ट टेबलावर उभा केला तर उभा राहील, म्हणून तो कडक. स्वभावानं मात्र माणूस ओल्या रुमालासारखा. कुणीही यावं आणि पिळून जावं.

त्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या पलीकडच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आल्या. हातात घडी केलेला पांढरा कोट. बाई अंगानं लहानखुऱ्या, पण आवाज असा की रस्त्यावरून जाणारा माणूसही क्षणभर पाठीत ताठ व्हावा.

"बारापर्यंत हवाय," त्या म्हणाल्या. "आज तीनला माझा शेवटचा तास आहे. छत्तीस वर्षं झाली. उद्यापासून मी घरी."

"धुवायचा?" ताईनं विचारलं.

"नाही. परवाच घरी धुतला. काल तालमीपुरता घातला होता. नुसती इस्त्री करा."

"तालीम? कसली?"

"शेवटचा धडा आहे, तोंड आपटायला नको. म्हणून काल रिकाम्या वर्गात एकदा सगळं करून पाहिलं."

ताईनं नेहमीचा प्रश्न टाकला. "काही सांडलंय का यावर?"

"छे. पाणी उडालं होतं थोडं. वाळलं कधीच." आणि बाई गेल्या.

कोटाचा नंबर लागायला साडेअकरा झाले. कडकनं तो टेबलावर पसरला, पाण्याचे शिंतोडे मारले आणि आधी कॉलर घेतली, मग बाह्या, मग पाठ. हे सगळं तो शीळ घालत करी. पाठ संपली, कोट फिरवला, डाव्या छातीवरून इस्त्री नेली आणि शीळ मध्येच तुटली.

कोटावर पिवळसर ठिपके उठले होते. मघाशी नव्हते. त्याला वाटलं, ओल असेल, म्हणून तो पुन्हा एकदा इस्त्री फिरवून बसला. पिवळे ठिपके चांगले तपकिरी झाले. खिशावर तीन, खिशाखाली पाच-सहा, सर्वांत मोठा शर्टाच्या बटणाएवढा.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं इस्त्री उलटी करून तळ पाहिला. आरशासारखा स्वच्छ. बटण पाहिलं, सुतीवरच होतं. शेजारचं पांढरं फडकं घेऊन त्यावर इस्त्री दाबली, उचलली. फडकं दुधासारखं. म्हणजे इस्त्रीचा दोष नाही. मग उरला कोण? इस्त्री धरणारा.

"ताई," त्यानं हाक मारली. आवाज इतका बारीक निघाला की ताई हातातला ब्रश टाकून आली. तिनं कोट पाहिला, मग भावाकडे पाहिलं.

"तू?" एवढंच ती म्हणाली.

तो 'तू' त्याला असा लागला की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. तो काही बोलणार तोच दारात बाई उभ्या. बाराला दहा कमी. वेळेच्या आधी येणं हा शिक्षकांचा जुना रोग आहे, आणि तो नेमका अशा वेळी उपटतो.

झाकायला वेळ नव्हता आणि झाकणाऱ्यातला कडक नव्हता. त्यानं कोट दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यासमोर धरला.

बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "जाळलात," त्या म्हणाल्या.

"बाई, मला तसं वाटत नाही, पण..."

"तापलेलं लोखंड आणि कापूस. त्यातून तपकिरी झालं. याला मी तरी जळणंच म्हणते. तुम्ही काय म्हणता?"

कडक खाली मान घालून ठिपक्यांकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या डोक्यात एक गोष्ट हलली. भीतीनं माणूस आंधळा होतो, पण बावीस वर्षांची नजर अगदीच कुठे जात नाही.

"बाई," तो हळूच म्हणाला, "इस्त्री गोल ठिपके पाडत नाही."

"म्हणजे?"

"इस्त्री जाळते तेव्हा आपल्या आकारात जाळते. टोक उमटतं, नाहीतर कड उमटते. हे बघा, हे वेगळे वेगळे आहेत. मोठा इथे आणि बारीक बारीक त्याच्या बाजूला. हे उडालेले आहेत."

ताईनं कोट त्याच्या हातातून ओढून घेतला आणि नाकाला लावला. तिचं नाक म्हणजे त्या दुकानातलं सर्वांत महाग यंत्र होतं. "कापूस जळल्याचा वास नाही हा," ती म्हणाली. "साखर करपल्याचा आहे."

"साखर?" बाई म्हणाल्या.

ताईनं कोटाची खालची कड शोधली. तिथे अजून इस्त्री पोचली नव्हती. खिडकीच्या उजेडात तिनं ती कड वाकडी-तिकडी धरली, बोटांनी चाचपली, एक जागा किंचित ताठ लागली, आणि कुणाला काही कळायच्या आत तिनं ती जागा जिभेला लावली.

"गोड," ती म्हणाली.

बाई गिऱ्हाइकांच्या बाकावर टेकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास होता, मग हिशोब जुळत चाललेला दिसला, आणि मग त्या डोक्याला हात लावून बसल्या.

"दोन पेले होते," त्या म्हणाल्या. "एकात साधं पाणी, एकात साखरेचं. साखर भरपूर घातली होती, विरघळेना म्हणून जोरात ढवळली. तेव्हा उडालं असणार. वाळलं आणि दिसेनासं झालं, म्हणून मीही विसरले." त्यांनी कडककडे पाहिलं. "दरवर्षी मी मुलांना विचारते, साखर विरघळली, आता दिसत नाही, मग गेली कुठे? मुलं सांगतात, पाण्यातच आहे. छत्तीस वर्षं मुलांना कळतं आणि माझ्याच कोटावर मला कळू नये. काखेत कळसा म्हणतात तो हा."

मग त्या उठून उभ्या राहिल्या. "मी तुम्हाला 'जाळलात' म्हणाले. चुकलं माझं."

कडकला कुठे बघावं कळेना. गिऱ्हाइकानं माफी मागावी अशी वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. तो उगाच इस्त्रीचं बटण बंद-चालू करत राहिला.

ताई एव्हाना कामाला लागली होती. तिनं ओलं फडकं घेऊन कडेवरची ती ताठ जागा पुसली. दोन हातांत ती मऊ झाली. तेच फडकं तिनं छातीवरच्या तपकिरी ठिपक्यावर घासलं. ठिपका थोडा फिका झाला, पण जागचा हलला नाही.

"बघा, फरक इथे आहे," ती म्हणाली. "सकाळी हे सगळेच नुसते बसलेले डाग होते. बसलेला डाग उठवता येतो, पाणी पुरतं. हे इस्त्रीखालचे आता बसलेले राहिले नाहीत. हे झालेले आहेत. पाण्यानं हे उठायचे नाहीत. यांना मला वेगळं औषध लावावं लागेल, आणि त्याला दोन दिवस लागतील."

"पुन्हा सांगा," बाई म्हणाल्या.

"दोन दिवस लागतील."

"ते नाही हो. बसलेला आणि झालेला."

ताईनं पुन्हा सांगितलं. बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि कोटाच्या पावतीच्या पाठीवर ते लिहून घेतलं. "मुलांच्या पुस्तकात याला भौतिक बदल आणि रासायनिक बदल म्हणतात," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या.

तेवढ्यात इस्त्रीच्या टेबलामागून एका दमात आवाज आला. "ज्या बदलात मूळ पदार्थ तसाच राहतो व नवीन पदार्थ तयार होत नाही, त्या बदलास भौतिक बदल असे म्हणतात. ज्या बदलात मूळ पदार्थापासून नवीन पदार्थ तयार होतो, त्या बदलास रासायनिक बदल असे म्हणतात."

दोघी बायका वळून बघायला लागल्या. कडक स्वतःच दचकला होता.

"हे तुला कुठून येतं रे?" ताईनं विचारलं.

"सातवीत घोकलं होतं. दोन गुण मिळाले होते."

"आणि अर्थ?" बाईंनी विचारलं.

"तो कुणी विचारला नव्हता."

बाई हसल्या. पहिल्यांदाच हसल्या, आणि मग आपल्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "ती इस्त्री इथून हलवता येते?"

"येते. का?"

"तीन वाजता घेऊन या. कोटही आणा, आहे तसाच. मी तालमीत मेणबत्ती आणि कागद ठरवला होता. ते सगळं रद्द."

कडकनं नाही म्हणायचा खूप प्रयत्न केला. आपण आठवी सोडलेली, वर्गात जाऊन काय बोलणार. दुपारची कामं पडलीत. इस्त्री जड आहे. तिथे प्लग बसेल की नाही कोण जाणे. ताईनं एकेक कारण ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "मघाशी तुझ्या नावावर डाग पडला होता. जा, धुऊन ये."

तीनला पाच मिनिटं असताना कडक शाळेच्या पायऱ्या चढला. एका हातात इस्त्री, काखेत घडी केलेली जाड चादर, खांद्यावर बाईंचा कोट आणि खिशात फाटक्या पांढऱ्या चिंध्या. वर्गात चाळीस मुलं होती. बाईंनी त्याची ओळख करून दिली. "हे इस्त्रीतले तज्ज्ञ आहेत." कडकनं मागे वळून पाहिलं, अजून कोणी आलंय का म्हणून.

सुरुवातच फसली. प्लग वर्गाच्या मागच्या भिंतीला होता आणि बाईंचं टेबल पुढे. वायर काही पोचेना. मग बाईंनी टेबल मागच्या भिंतीशी ओढून घेतलं, सगळ्यांना बाकं फिरवायला लावली, आणि जन्मभर मागच्या बाकावर बसलेली पोरं एकाएकी पहिल्या रांगेत आली. त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

बाईंनी कोट उंच धरून सगळी हकिकत सांगितली, आपली चूक मुळीच न लपवता. मग साखरेचं पाणी आलं. एका मुलीनं बोट बुडवून चिंधीवर आपलं नाव लिहिलं, ते खिडकीत वाळवलं. चिंधी साऱ्या वर्गात फिरली, कुणाला काही दिसलं नाही. कडकनं ती चादरीवर पसरली आणि इस्त्री फिरवली. नाव हळूहळू उमटलं, आधी पिवळं, मग तपकिरी. मागून मुलं बाकांवर चढली आणि बाईंनी त्यांना उतरवलं नाही.

"आता नुसती चिंधी घ्या," बाई म्हणाल्या. "साखर नाही, काही नाही. तिच्यावर इस्त्री ठेवा आणि उचलू नका. कापूस जळताना कसा दिसतो तेही बघू दे."

कडकनं चिंधी ठेवली. इस्त्री ठेवली. मनात चार आकडे मोजले आणि इस्त्री वर. चिंधी जशीच्या तशी पांढरी.

"काका, उचललीत तुम्ही," पुढचा एक मुलगा म्हणाला.

"हो का," कडक म्हणाला. त्यानं पुन्हा ठेवली. या वेळी पाच आकडे, आणि हात आपसूक वर. वर्ग हसायला लागला. तिसऱ्यांदाही तेच. त्याला खरंच उमजेना. हाताला सांगून हात ऐकत नव्हता. बावीस वर्षं ज्या एका गोष्टीला जपलं, ती चाळीस जणांसमोर मोडायची म्हणजे काही थट्टा नव्हती.

बाईंना ते कळलं. त्या जवळ आल्या आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चिंधी तुमचीच आहे ना? गिऱ्हाइकाची तर नाही?"

"माझीच. जुन्या उशीच्या अभ्र्याची."

"मग काय."

कडकनं इस्त्री ठेवली आणि दुसरा हात पाठीमागे बांधला, जणू तोच आडवा येणार होता. मुलांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. पंचविसाला वास आला, चाळिसाला कडेनं धूर निघाला, आणि साठाला त्यानं इस्त्री उचलली. चिंधीवर इस्त्रीचा ठसा उमटला होता, टोकासकट, कडेला तपकिरी, मधे काळा. त्यानं मधे बोट लावलं तर कापड कुरकुरीत होऊन तुटलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. कडकनं कपाळावरचा घाम पुसला आणि त्याला स्वतःचंच नवल वाटलं, की वाईट काहीच वाटत नव्हतं.

दार धाडकन उघडून मुख्याध्यापक आत आले. "काय जळतंय?"

"काही नाही सर, धडा चाललाय," बाई म्हणाल्या. सर धूर बघत, इस्त्री बघत, उलटी फिरलेली बाकं बघत उभे राहिले, आणि बाईंचा शेवटचा तास आहे हे आठवून मागच्या, म्हणजे मूळच्या पहिल्या बाकावर जाऊन बसले.

मग प्रश्न सुरू झाले, आणि ते बाईंना सोडून कडकलाच.

"काका, सुरकुती पडते तो कुठला बदल?" नाव लिहिणाऱ्या मुलीनं विचारलं.

"भौतिक," कडक म्हणाला. "घालवली की जाते, पुन्हा पडते. पडते म्हणून तर आमचं घर चालतं."

सर हसले. मागून एक चष्मेवाला मुलगा उठला. "म्हणजे परत पहिल्यासारखं होतं तो भौतिक, आणि होत नाही तो रासायनिक. बरोबर?"

बाई 'बरोबर' म्हणणारच होत्या. बहुतेक वर्षी त्या तसंच म्हणत आल्या होत्या, सोपं पडतं म्हणून. पण कडकच्या कपाळाला आठी पडली. त्यानं एक धड चिंधी घेतली आणि टर्रकन मधोमध फाडली.

"आता ही परत पहिल्यासारखी होईल?" त्यानं विचारलं.

"शिवता येईल," कुणीतरी म्हणालं.

"शिवली तरी शिवण दिसणार. पहिल्यासारखी नाहीच. मग हा रासायनिक झाला का?"

कडकनं दोन्ही तुकडे चष्मेवाल्याच्या हातात दिले. "हात लावून बघ. काय आहे हे?"

"कापड."

"आणि हे?" त्यानं जळका तुकडा पुढे केला. तो मुलाच्या बोटांत चुरला, काळं बोटांना लागलं.

"हे... कापड नाही."

"बस. फाटलं तरी कापड ते कापडच. हे मात्र दुसरंच काहीतरी झालं. परत येतं का न येतं हे नंतरचं. आधी बघायचं, आहे ते तेच आहे का." एवढं बोलून त्याला आपण फार बोललो असं वाटलं आणि तो वायर गुंडाळायला लागला. गुंडाळता गुंडाळता सातवीतली ती दोन वाक्यं त्याच्या मनात पुन्हा आली, आणि या वेळी ती त्याला समजली. नवीन पदार्थ तयार होत नाही म्हणजे काय, ते त्या पोराच्या एका हातात होतं आणि तयार होतो म्हणजे काय, ते दुसऱ्या. इतकी साधी गोष्ट, आणि मास्तरांनी ती नुसती वहीत उतरवून घेतली होती.

बाई फळ्याला टेकून उभ्या होत्या. "छत्तीस वर्षांत हे मी इतकं सरळ सांगितलं नाही," त्या सरांना म्हणाल्या. सर म्हणाले, "मग आणखी एक वर्ष राहता का?" बाई म्हणाल्या, "नको, यांनाच ठेवून घ्या." घंटा झाली तरी मुलं उठेनात. शेवटी बाईंना निरोप द्यायला इतर शिक्षक दारात जमले, तेव्हा सगळे बाईंभोवती झाले, आणि कडक भिंतीकडेनं हळूच बाहेर पडला.

इस्त्री अजून तापलेलीच होती. पिशवीत घालता येईना, चादरीत गुंडाळता येईना, तेव्हा ती अंगापासून लांब धरून तो रस्त्यानं निघाला. समोरून येणारी माणसं आपोआप वाट देत होती. हात भरून आला तरी तो मजेत होता.

दुकानात ताई एकटीच गिऱ्हाइकांना तोंड देत होती. "दोन तास," ती म्हणाली. "एका तासाचे दोन तास. काय केलंस इतका वेळ?"

त्यानं सगळं सांगितलं. चिंधी जाळल्याचं सांगितलं तेव्हा ती "अरे देवा" म्हणाली. फाटलेल्या तुकड्यांपाशी आल्यावर मात्र तिनं हातातलं काम थांबवलं.

"हे तुला कसं सुचलं?"

"सुचलं नाही. तो पोरगा चुकत होता म्हणून."

ताई जरा विचारात पडली. भावाला शहाणा म्हणायची तिला सवय नव्हती आणि एका दिवसात ती लागणंही शक्य नव्हतं. "बरं, मग मला एक सांग," ती म्हणाली. "खिळ्याच्या गंजाचा डाग. गंज म्हणजे झालेलाच ना? तरी मी आंबट औषध लावून तो काढते. कापड पुन्हा पांढरं होतं. मग तो परत फिरला की नाही?"

कडकनं इस्त्री जाळीवर ठेवली आणि डोकं खाजवलं. "डाग गेला. पण खिळा परत आला का?"

"खिळा कुठला येतोय."

"मग परत नाही फिरला. तू त्याचं आणखी तिसरंच काहीतरी केलंस आणि ते पाण्याबरोबर गेलं."

"म्हणजे माझं काम रासायनिक आणि तुझं भौतिक."

"तसंच दिसतंय."

"तरीच," ताई म्हणाली, "माझे हात बघ आणि तुझे बघ." आणि तिनं सकाळपासून साचलेला शर्टांचा ढीग उचलून त्याच्या टेबलावर ठेवला. सर्वांत वरचा एका वकिलाचा होता, सहाला न्यायला येणार होता. कडकनं पाण्याचे शिंतोडे मारले, कॉलर सरळ केली आणि शीळ घालायला सुरुवात केली.